राकसकोप भरल्यानंतरचा प्रश्न

जुलै महिन्यात बेळगावच्या बहुतेक वृत्तपत्रवाचकांना एक आकडा तोंडपाठ असतो, तो म्हणजे २४७५. राकसकोप जलाशयाची पूर्ण पातळी २४७५ फूट आहे. पाणी तिथे पोहोचले की वेस्टवेअरचे, म्हणजे सांडव्याचे, दरवाजे उघडल्याची बातमी येते, महापौर आणि नगरसेवक जाऊन गंगापूजन करतात आणि शहराचा पाणीप्रश्न वर्षभरासाठी मिटला अशी सर्वांची समजूत होते. त्यानंतर एप्रिलपर्यंत या जलाशयाची चौकशी सहसा कोणी करत नाही. माझे मत असे आहे की शहराचे पुढच्या उन्हाळ्यातले भवितव्य जुलैत ठरत नसून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत ठरते, आणि नेमक्या त्याच काळात आपण सर्वाधिक बेफिकीर असतो.

आपली व्यवस्था थोडक्यात अशी आहे. शहराच्या पश्चिमेला मार्कंडेय नदीवर १९६० च्या दशकात राकसकोपचे धरण बांधले गेले. तिथले पाणी हिंडलग्याचे पंपिंग स्टेशन आणि लक्ष्मी टेकचे शुद्धीकरण केंद्र या मार्गाने शहरात येते. वाढत्या वस्तीला ते अपुरे पडू लागल्यावर घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचे, म्हणजे राजा लखमगौडा जलाशयाचे पाणी आणण्यात आले. ते कुंदरगी, तुम्मरगुद्दी अशा टप्प्यांनी उपसत बसवनकोळ्ळच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत चढवावे लागते. हिडकलची पूर्ण पातळी २१७५ फूट आहे. राकसकोपपेक्षा हिडकल बरोबर ३०० फूट खाली आहे आणि बेळगाव शहर साधारण २५०० फुटांच्या आसपास वसलेले आहे, एवढे ध्यानात घेतले तरी दोन जलाशयांतला फरक स्पष्ट होतो. राकसकोप लहान आहे पण शहराच्या उंचीच्या जवळ आहे. हिडकल ५१ टीएमसीचे, म्हणजे ५१ अब्ज घनफुटांचे, आहे पण त्याचा प्रत्येक थेंब वर चढवावा लागतो. दहा लाख लिटर पाणी शंभर मीटर उचलण्यासाठी निव्वळ सिद्धांताने २७२ युनिट वीज लागते आणि पंपांची प्रत्यक्ष कार्यक्षमता धरली तर हा आकडा चारशेच्या घरात जातो. जलाशय जसजसा आटत जातो तसतशी ही उंची वाढते, म्हणजे पाणी सर्वांत कमी असते तेव्हाच ते सर्वांत महाग पडते. शिवाय वाटेत कुठे वीजवाहिनी तुटली किंवा मुख्य जलवाहिनी फुटली, तर ५१ टीएमसीचे धरण काठोकाठ भरलेले असूनही नळ कोरडे राहतात, हा अनुभव बेळगावकरांना नवा नाही.

आता गरजेचा हिशेब पाहू. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४ लाख ८८ हजारांच्या आसपास होती. आज ती सहा लाख धरू. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे केंद्रीय मानक आहे. त्यानुसार रोजचे ८ कोटी १० लाख लिटर होतात. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, त्यामुळे वर्षभराची निव्वळ गरज एक टीएमसीच्या किंचित वर जाते. एकट्या हिडकलच्या क्षमतेचा हा सुमारे दोन टक्के भाग आहे. मग पाण्यासाठी आठ-आठ दिवस वाट पाहण्याची वेळ या शहरातल्या अनेक भागांवर का यावी? गळती, जुन्या वाहिन्या आणि वितरणातला भेदभाव ही कारणे खरी आहेत आणि त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु दुष्काळाच्या वर्षात आणखी एक कारण पुढे येते, ज्याची चर्चा फारशी होत नाही. शहराला मिळालेला पाण्याचा हक्क हा आकड्याचा हक्क आहे. तो पातळीचा हक्क नाही आणि क्रमाचाही नाही.

हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. नदीचे पाणी महापालिकेच्या मालकीचे नसते. राज्य सरकार एखाद्या जलाशयातून वर्षाला अमुक इतके पाणी उचलण्यास मंजुरी देते आणि तेवढाच शहराचा हक्क असतो. राज्याचा स्वतःचा हक्कही कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यातून आलेला आहे. या लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, ७५ टक्के विश्वासार्हतेचे २,०६० टीएमसी पाणी गृहीत धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तत्कालीन आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी दिले. ७५ टक्के विश्वासार्हता याचा अर्थ चार वर्षांपैकी तीन वर्षे तेवढे पाणी नदीत असेल असा अंदाज. चौथ्या वर्षाचा दुष्काळ या पायाभूत आकड्यातच गृहीत धरलेला आहे, आणि राज्यापासून महापालिकेपर्यंतचे पुढचे सगळे वाटप त्या आकड्यावर उभे आहे. असे असताना शहराला मिळालेल्या मंजुरीत चौथ्या वर्षी काय करायचे हे लिहिलेले नसावे, ही मला मोठी उणीव वाटते.

पिण्याच्या पाण्याला प्राधान्य, हे वाक्य राष्ट्रीय जलधोरणापासून पालकमंत्र्यांच्या भाषणापर्यंत सगळीकडे आढळते आणि त्याला कोणाचाच विरोध नसतो. व्यवहारात मात्र धरणातून कालव्यांना किती आवर्तने, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, द्यायची हे पाटबंधारे सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते, आणि त्या बैठकीत समोर असतात घटप्रभेच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांवरची सुमारे तीन लाख हेक्टर जमीन, गोकाक, रायबाग, मुडलगी, हुक्केरी भागातला ऊस आणि खाली बागलकोट जिल्ह्यातली पिके. शेतकऱ्याला जानेवारीत पाणी हवे असते आणि ते मागण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. शहराची टंचाई मे महिन्यात येते. जानेवारीच्या मागणीला चेहरा आणि आवाज असतो, मेच्या टंचाईला तेव्हा कोणीच प्रतिनिधी नसतो. परिणामी पिण्याच्या पाण्याचे प्राधान्य तेव्हाच अमलात येते, जेव्हा वाटून घेण्यासारखे फारसे उरलेले नसते. संयुक्त खात्यात ज्याने आधी पैसे काढले त्याचे भागते आणि ज्याचा खर्च वर्षअखेरीस येतो त्याच्या वाट्याला पासबुक राहते, तशातला हा प्रकार आहे.

२०२३ सालाचा क्रम आठवून पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी केरळात मान्सून ८ जूनला पोहोचला आणि इथे तर त्याहून बराच उशीर झाला. आदल्या वर्षीचा साठा जूनच्या सुरुवातीपर्यंत पुरेल या हिशेबावर चाललेली व्यवस्था त्या तीन आठवड्यांत उघडी पडली. राकसकोपच्या तळाशी राहिलेल्या पाण्याकडे पाहत शहराने जून काढला. जुलैच्या पावसाने दिलासा दिला, आणि त्यानंतरचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबरमध्ये कर्नाटक सरकारने १९५ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले आणि पुढे ही संख्या राज्यातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांपर्यंत गेली.

यातली लक्षात घेण्याजोगी बाब अशी की दुष्काळ जाहीर करण्याची जी पद्धत २०१६ च्या केंद्रीय संहितेने घालून दिली आहे, ती प्रामुख्याने शेतीसाठी आहे. पावसातली तूट, कोरडे आठवडे, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतली ओल असे निकष त्यात येतात, जलसाठ्यांचाही विचार होतो, आणि खरिपाचा निर्णय पावसाळा संपता संपता घेतला जातो. शेतकऱ्यासाठी ते योग्यच आहे. शहराचा दुष्काळ मात्र त्या घोषणेनंतर सात-आठ महिन्यांनी येतो, म्हणजे शहराला तयारीसाठी सात-आठ महिन्यांची आगाऊ सूचना मिळालेली असते. एवढी मोठी सवलत शेतीला कधीच मिळत नाही. आपण ती दरवर्षी वाया घालवतो आणि एप्रिलमध्ये टँकरच्या निविदा काढतो.

काय करता येईल, याचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. १५ नोव्हेंबरला दोन्ही जलाशयांतला उपयुक्त साठा मोजावा आणि गरजेचा हिशेब १ जूनपर्यंत न करता १५ जुलैपर्यंत करावा, कारण पाऊस लांबला तर नेमके तेच सहा आठवडे जिवावर येतात. हे २४२ दिवस होतात. वर दिलेल्या मानकानुसार या काळासाठी सुमारे ०.७ टीएमसी पाणी लागते. वाटेतली गळती ३० टक्के धरली तर जवळपास एक टीएमसी उचलावे लागते. त्यात बाष्पीभवन मिळवावे लागेल. उन्हाळ्यात दिवसाला केवळ पाच मिलिमीटर पाणी उडाले, तरी एक चौरस किलोमीटर पृष्ठभागावरून रोज ५० लाख लिटर जातात, आणि राकसकोपसारख्या उथळ जलाशयात हा तोटा दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. हा सगळा हिशेब मांडून जी बेरीज येईल, तेवढे पाणी पहिल्या रब्बी आवर्तनाच्या आधी शहराच्या नावाने राखून ठेवल्याचे पाटबंधारे सल्लागार समितीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे.

ते लिहिताना टीएमसीचा आकडा पुरेसा नाही, फूट लिहिले पाहिजेत. जॅकवेलचे, म्हणजे जलाशयातून पाणी उपसण्याच्या विहिरीचे, तोंड ज्या पातळीवर आहे त्याच्या खालचे पाणी कागदावर कितीही असले तरी पंपाला दिसत नाही. मग ऐनवेळी तराफ्यावर पंप चढवून मृतसाठा, ज्याला सगळे डेड स्टॉक म्हणतात, तो उपसण्याची धावपळ होते. ते पाणी गढूळ असते, शुद्धीकरण केंद्रावरचा भार वाढतो आणि नळाला येणाऱ्या पाण्याचा रंग पाहून लोक बाटलीबंद पाण्याच्या मागे लागतात. म्हणून जलाशय अमुक फुटांवर आला की कालव्यांची आवर्तने थांबतील, तमुक फुटांवर आला की शहरातले बांधकाम, गाड्या धुणे आणि बागा यांचे पाणी बंद होईल, आणि त्याहून खाली गेला की घरगुती पुरवठ्याच्या वेळा बदलतील, अशा पायऱ्या आधी जाहीर केलेल्या असाव्यात. पातळी गाठली की निर्णय आपोआप लागू व्हावा. दरवेळी बैठक बोलावून निर्णय घ्यायचा म्हटले की बैठक होईपर्यंत चार फूट पाणी गेलेले असते, हे मी अनेक उन्हाळ्यांत पाहिले आहे. गाळ काढण्याचे काम मात्र याच्या उलट्या काळात, म्हणजे पाणी तळाशी गेले असताना करावे लागते. त्याची निविदा डिसेंबरात तयार नसेल तर मेमध्ये यंत्रे उतरत नाहीत, आणि पहिला पाऊस पडला की तो विषय पुन्हा एका वर्षासाठी संपतो.

सीमाभागातल्या इतर गावांची स्थिती आणखी नाजूक आहे, कारण त्यांचा साठा त्यांच्या राज्यात नाही. निपाणीला जवाहरलाल तलावाचा आधार आहे, पण तो पुरत नाही म्हणून यमगर्णीजवळ वेदगंगेतून पाणी उचलावे लागते, आणि वेदगंगेत उन्हाळ्यात जे पाणी असते ते भुदरगड तालुक्यातल्या पाटगावच्या धरणातून सुटलेले असते. संकेश्वरकडे येणारी हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरातून निघून आजरा आणि गडहिंग्लज ओलांडून येते. घटप्रभेचा उगमही सिंधुदुर्गातला आहे, तेव्हा हिडकलचे पाणी पिणाऱ्या बेळगावकरांनी या बाबतीत निपाणीकरांकडे तटस्थपणे पाहण्याचे कारण नाही. वरच्या भागात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, कधी घातले, पाळी कधी सुटली, शेतीपंपांना उपसाबंदी कधी लागली, यावर खालच्या गावाच्या नळाचा दिवस ठरतो. दूधगंगा प्रकल्पात कर्नाटकाचा चार टीएमसीचा वाटा करारानेच ठरलेला आहे, तरीही तो वाटा कोणत्या महिन्यात किती, हा प्रश्न प्रत्येक उन्हाळ्यात नव्याने सोडवला जातो. चिकोडी, अथणी आणि रायबाग भागात कृष्णा आटली की कोयना आणि वारणेतून पाणी सोडण्याची विनंती बेंगळूरहून मुंबईला जाते, हे तर आता ऋतुचक्राचाच भाग झाले आहे. इचलकरंजीसाठी सुळकूडहून दूधगंगेचे पाणी नेण्याच्या योजनेला नदीकाठाने जो कडवा विरोध केला, त्याचेही मूळ हेच आहे: नवीन वाटेकऱ्याचा आकडा सांगितला जातो, पण तुटीच्या वर्षी त्याचा क्रम कितवा हे सांगितले जात नाही. दोन्ही बाजूंना मराठी बोलणारी माणसे असूनही पाण्याच्या बाबतीत भाषा उपयोगी पडत नाही, वेळापत्रक उपयोगी पडते. ते ऑक्टोबरात दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी बसून ठरवावे, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष पाणी यांतले अंतर किती असू शकते याचा नमुना आपल्याच खानापूर तालुक्यात आहे. म्हादई नदीच्या पाणीतंट्यावरच्या लवादाने २०१८ साली कळसा आणि बंडुरा या नाल्यांचे अनुक्रमे १.७२ आणि २.१८ टीएमसी पाणी मलप्रभेकडे वळवण्यास कर्नाटकाला मुभा दिली. निवाडा २०२० मध्ये अधिसूचितही झाला. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या परिसरातले हे पाणी हुबळी-धारवाडच्या घशाला पडायचे होते. प्रत्यक्षात वन आणि वन्यजीवविषयक परवानग्या व न्यायालयीन वाद यांत ते अडकून पडले. कणकुंबीच्या जंगलाचे काय व्हावे याविषयी माझे मत वेगळे आहे आणि तो स्वतंत्र विषय आहे. निवाड्यात लिहिलेल्या टीएमसीवर विसंबून एखाद्या शहराने दुष्काळाचे नियोजन करू नये, एवढ्यापुरताच इथे त्याचा संबंध.

शहरातल्या साठ्यांकडे वळू. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर आजही उभी आहे, आणि १९९५ च्या टंचाईत महापालिकेने ही विहीर आणि शहरातल्या इतर जुन्या मोठ्या विहिरी उपसून, स्वच्छ करून त्यांचे पाणी आसपासच्या वस्त्यांना दिले होते. बेळगावच्या खालचा खडक बसाल्ट आणि जांभ्याचा आहे. त्यात खोलवर फार पाणी साठत नाही, त्यामुळे दुष्काळात एकामागोमाग एक बोअर मारणे हा बहुधा पैशाचा चुराडा ठरतो. उथळ विहिरी मात्र प्रत्येक पावसाळ्यात पुन्हा भरतात. त्यांचे पाणी पिण्यासाठी न वापरता धुणी-भांडी, शौचालये आणि बागा यांसाठी वापरले, तरी नळाच्या मागणीचा मोठा भाग कमी होतो. अट एकच आहे, विहिरीत गटाराचे पाणी झिरपता कामा नये, आणि ती पाळणे विहीर उपसण्यापेक्षा कठीण आहे.

घराघरांतल्या संपांचा, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्यांचा, उल्लेखही केला पाहिजे, कारण त्यांना कोणी साठा म्हणून मोजत नाही. चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रयोग २००८ च्या सुमारास बेळगाव, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी येथील साधारण दहा टक्के वस्तीत सुरू झाला आणि तिथे संपाची गरज कमी झाली. उरलेल्या शहरात ज्याच्याकडे मोठा संप त्याचा आठवडा सुखाचा, हीच रीत राहिली. पाणीकपात जाहीर झाल्याच्या दिवशी प्रत्येक घर आपला संप, टाकी, पिंप भरून घेते आणि त्या दिवशीची मागणी नेहमीपेक्षा वाढते. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्यांकडे दोन पिंपांपलीकडे काहीच नसते, तेव्हा कपातीचा खरा भार कोणावर पडतो हे वेगळे सांगायला नको. मीटर असलेल्या भागात कपात ही लिटरमध्ये करता येते. मीटर नसलेल्या भागात ती व्हॉल्व्ह उघडण्याच्या तासांवरच अवलंबून राहते.

शेवटी हिडकलचे ०.५८ टीएमसी पाणी धारवाडकडच्या औद्योगिक क्षेत्राला देण्याच्या योजनेविषयी. बेळगावातल्या अनेक संघटनांनी तिला विरोध केला. विरोधाशी मी सहमत आहे, पण ‘आमचे पाणी पळवले’ या पद्धतीच्या मांडणीशी नाही, कारण ५१ टीएमसीच्या तुलनेत तो आकडा लहान आहे आणि सरकार तेच उत्तर देऊन मोकळे होते. खरा आक्षेप दोन ठिकाणी आहे. दुष्काळी वर्षात या उद्योगांचे पाणी बेळगावच्या आधी बंद होईल की नंतर, हे करारात स्पष्ट असले पाहिजे. दुसरा मुद्दा सांडपाण्याचा. बच्छावत लवादाने नदीतून घरगुती आणि नगरपालिकांच्या वापरासाठी उचललेल्या पाण्यापैकी फक्त २० टक्के पाणी ‘खर्च’ धरले आहे. उरलेले ८० टक्के नदीकडे परत जाते असे त्यात गृहीत आहे. आपल्याकडे ते बळ्ळारी नाल्यातून, वाटेतल्या शेतांचे नुकसान करत मार्कंडेयकडे जाते. आता ०.५८ टीएमसी म्हणजे रोजचे साडेचार कोटी लिटर. हुबळी-धारवाडची लोकसंख्या २०११ मध्येच ९ लाख ४३ हजार होती. माणशी १३५ लिटर आणि त्याचे ८० टक्के या हिशेबाने त्या जुळ्या शहराचे सांडपाणी रोज दहा कोटी लिटरांवर जाते. उद्योगांना हवे असलेल्या पाण्याच्या दुपटीहून अधिक पाणी त्यांच्या दारातून वाहून जात असताना घटप्रभेवरून जलवाहिनी टाकण्यात येणार आहे. सांडपाणी औद्योगिक वापराच्या दर्जापर्यंत शुद्ध करण्याला खर्च येतो हे मान्य आहे. हिडकलहून पाणी चढवून नेण्यालाही येतो, आणि तो दर महिन्याच्या वीजबिलात येत राहतो. हे दोन्ही खर्च शेजारी-शेजारी ठेवून कोणी तुलना केल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. ती तुलना जाहीर होईपर्यंत या योजनेला संमती देऊ नये, असे महापालिकेने ठराव करून कळवायला हवे.